पातळ वेणी आणि बोअरचे पाणी

सोयगावहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची नववीतील कन्या शाळेच्या स्नेहसंमेलनातील नृत्यातून बाहेर पडली, कारण तिची वेणी पाहून कुणीतरी ‘उंदराची शेपटी’ म्हणाले. वर्षभरात घरात चार तऱ्हेची तेले आली. केस मात्र तसेच राहिले. धुतल्यावर धड सरळ नाहीत, धड कुरळे नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी टाळूला चिकटलेले. पत्राच्या शेवटी एक ओळ अशी आहे, ‘हल्ली ती लवकर दमते.’ या ओळीकडे आपण पुढे येऊच.

वाचकहो, ‘पातळ केस’ या आपल्या शब्दप्रयोगात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. केस विरळ असणे वेगळे आणि प्रत्येक केस बारीक असणे वेगळे. बारीक केसाची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या, म्हणजे 50 मायक्रॉनच्या आसपास असते. चिमटीत धरला तर तो हाताला जेमतेम जाणवतो. असे केस डोक्यावर दाट असूनही वेणी लहानच दिसते. ही जन्मजात ठेवण आहे, रोग नव्हे. केसाचे मूळ त्वचेत असते व त्याची जाडी तेथेच ठरते. बाहेरून लावलेल्या कोणत्याही तेलाने ती वाढत नाही. जावळ काढल्याने किंवा वारंवार केस कापल्याने केस जाड येतात, हाही समजच. कापलेले टोक बोथट असल्यामुळे ते जाड भासते, इतकेच.

सरळ केसावरून टाळूचे नैसर्गिक तेल झरझर खाली उतरते, म्हणून असे केस लवकर तेलकट होतात. त्यावर आपण आणखी तेल चोपडतो आणि ‘केस बसले’ म्हणून हळहळतो! खोबरेल निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. मुंबईतील आरती रेळे व आर. बी. मोहिले या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तीत केसातील प्रथिनांची झीज केवळ खोबरेलाने कमी झालेली आढळली, कारण त्यातील लॉरिक आम्लाचे लहान, सरळ रेणू केसाच्या आत शिरू शकतात. (हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतील होते, हे ध्यानात ठेवून वाचावे.) तेव्हा तेल लावावे, पण चहाचा अर्धा चमचा, न्हाण्यापूर्वी तासभर, आणि टाळूवर नव्हे, तर केसांच्या खालच्या अर्ध्या भागावर. कोंडा असेल तर टाळूला तेल नकोच. कोंड्याशी संबंधित सूक्ष्म बुरशी तेलावरच पोसते.

आता पाण्याविषयी. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, अशी खूण असेल तर बोअरचे ते पाणी जड आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने जडतेची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम ठरविली आहे. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत सवलत आहे. अशा पाण्यात अंगाच्या साबणाने केस धुतले की चुन्याचा चिकट साका केसांवर बसतो, आणि बारीक केसाला तेवढे ओझेही पुरते. म्हणून साबण टाळावा. सौम्य शाम्पू तांब्याभर पाण्यात मिसळून फक्त टाळूला चोळावा. ओघळणारा फेस टोकांना पुरेसा होतो. आठवड्यातून दोनदा, कपाशीच्या वेचणीत किंवा उन्हाळ्याच्या धुळीत तीनदा धुण्यास हरकत नाही. शेवटचे पाणी साठवलेल्या पावसाचे असल्यास उत्तम. नसल्यास दोन लिटर पाण्यात अर्धे लिंबू पिळावे, त्याहून अधिक नको. कंडिशनर लावायचाच तर चिंचोक्याएवढा, आणि कानांच्या खालीच.

या मुलीच्या केसांत किंचित लाट आहे, हे तिच्या आईला ‘धड नाही’ वाटते. मला तीच त्या केसांची खरी शोभा वाटते. अजिंठ्याची लेणी याच सोयगाव तालुक्यात. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या खांद्यावर रुळणाऱ्या बटा मुलीला एकदा जवळून दाखवाव्यात. ही लाट टिकवायची तर ओले केस पंचाने खसाखसा पुसू नयेत. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात दाबून पाणी टिपावे, रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर गुंता सोडवावा, तळव्यांत केस हलके दाबून वर उचलावेत आणि वाळेपर्यंत त्यांना हात लावू नये. वाळलेल्या केसांत पुनःपुन्हा कंगवा फिरवला की लाट मोडते आणि नुसता पिसारा उरतो. केस सरळ करण्याचे तापते यंत्र या वयात नकोच. शाळेसाठी दोन वेण्या रिबिनींनी दुमडून करकचून बांधतात. कपाळाजवळचे केस त्या सततच्या ताणाने विरळ होतात. वेणी सैल घालावी.

आता ती शेवटची ओळ. दररोज 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे. परंतु भांग रुंदावत असेल, गळती एकाएकी वाढली असेल आणि मुलगी दमत असेल, तर तेलाची पाचवी बाटली न आणता आधी रक्त तपासावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. मासिक पाळीत रक्तस्राव अधिक होतो का, हेही आईने संकोच न करता विचारावे. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातील लोहाचा साठा कमी असू शकतो. त्यासाठी फेरिटिनची तपासणी डॉक्टरांना विचारून करावी. टायफॉइड, डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती वेगळी. ती बहुधा आपोआप थांबते.

शाळेत 10 ते 19 वयाच्या मुलांमुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते. तीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. मळमळते म्हणून पुष्कळ मुली ती दप्तरातच ठेवतात. जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होतो. बाजरीची भाकरी, मटकी, अळिवाचा लाडू यांसोबत लिंबू किंवा आवळा असावा; जेवणालगतचा चहा तासभर पुढे ढकलावा. पत्रलेखिका भगिनींनी कन्येचे दप्तर एकदा पाहावे आणि तपासणीचा कागद हाती आला की मला पुन्हा लिहावे.