‘पोरांनी यात पडू नये!’

फराळाच्या ताटाशेजारी बंदुकीचा विषय काढू नये, हे मलाही कळते. पण बंदुकीने तरी सणाचा मान कुठे ठेवला आहे? १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, ऐन दसऱ्याच्या रात्री, वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वेळी आसपास फटाके वाजत होते. लगेच पकडलेले संशयित विशीच्या आगेमागेचे होते.

आम्ही नवी मुंबईकर मात्र निर्धास्त! २०१३ मध्ये वाशीत आणि २०२३ मध्ये नेरूळमध्ये बांधकाम व्यावसायिकांना भररस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. आम्ही काय म्हणालो? “जमिनीची भांडणे ती, आपल्याला काय त्याचे!” आणि घरातल्या एखाद्या मुलाने तोंड उघडले, की ठरलेले वाक्य तयार : “पोरांनी यात पडू नये.”

या वाक्यावर माझा सक्त आक्षेप आहे.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला. त्यानंतर वर्षानुवर्षे दर महिन्याच्या वीस तारखेला अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते त्याच पुलावर जमत राहिले. त्यांत कॉलेजातली मुलेमुलीही होती. त्यांनी दगड उचलला नाही. गाणी म्हटली, रिंगणनाट्ये केली आणि एकच प्रश्न विचारला : खुनी कोण, आणि त्यांच्यामागे कोण? २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्यावर तिथेही लोक ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ला निघाले.

शहाणे विचारतील, “गाण्यांनी का गोळी थांबते?” नाही थांबत. पण १० मे २०२४ रोजी, जवळजवळ अकरा वर्षांनी, दाभोलकर खटल्यात दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे सुटले. खऱ्या सूत्रधारापर्यंत तपास पोहोचला नाही, असे न्यायालयानेच म्हटले. तपास पोलिसांचा, शिक्षा न्यायालयाची. पण खून विसरू न देणे हे काम समाजाचेच. ते या मुलांनी केले. आम्ही घरी बसून वर्तमानपत्राची घडी घातली.

आणि ध्यानात घ्या, त्या पुलावर गोळ्या झाडणारे दोघेही तरुणच होते! म्हणजे आपण ‘पडू नये’ म्हटले तरी पोरे यात पडतातच. कोणत्या बाजूने, एवढाच काय तो प्रश्न. ज्याला घरात प्रश्न विचारू दिला नाही, त्याच्या हाती पिस्तूल देणारा उद्या दाराशी येतो. तो त्याला कामही देतो आणि मोठेपणाही देतो. आपण मात्र नुसते गप्प बसायला सांगतो!

तेव्हा वाचकहो, यंदा टिकल्यांचे पिस्तूल घ्या अथवा घेऊ नका. पण घरातले पोर सभेला, मोर्चाला निघाले, तर दारात आडवे उभे राहू नका. जमल्यास चपला घाला आणि त्याच्याबरोबर चला.