शेवटचा घास



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली, मंडळी पांगली. आम्ही दोघी-तिघी चटया गुंडाळत होतो. तेव्हा एक भगिनी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही आरोग्यावर लिहिता. एकदा माझ्यासारखीवर लिहा. फक्त नाव घालू नका."

नाव घालत नाही. पण तिची हकिकत तिच्या परवानगीने सांगते, कारण अशा आणखी कितीतरी जणी गप्प बसून असतील.

या भगिनीचे वजन एके काळी ११८ किलो होते. गुडघे गेले, मधुमेह लागला, दोन जिने चढले की धाप लागे. एका कॅन्टीनमध्ये ती पोळ्या लाटते. उभे राहण्याचे काम, तेही होईना. शेवटी २०१८ साली तिने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, बायपासची, करून घेतली. पतपेढीचे कर्ज काढले, भावाने हातभार लावला. दीड वर्षात वजन ७४ वर आले. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. भीमजयंतीच्या मिरवणुकीत ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालली, हे तिने मला दोनदा सांगितले.

२०२२ साली कर्ज फिटले. आणि त्याच सुमारास वजन परत चढू लागले. आज काटा ८९ दाखवतो. शेजारणी म्हणतात, एवढे पैसे घालून काय मिळवलेस? नवरा बोलत नाही, पण ताटाकडे बघतो. तिला स्वतःचीच लाज वाटू लागली. म्हणून चार वर्षांत ती डॉक्टरांकडे गेलेली नाही. "कोणत्या तोंडाने जाऊ? त्यांनी सांगितले होते, आता सगळे तुमच्या हातात आहे. पहिल्या वर्षी मनात जी जिद्द होती ती कुठे गेली, तेच कळत नाही."

तिला मी जे सांगितले तेच येथे लिहीत आहे.

पहिल्या वर्षीची ती जिद्द सगळीच तिची नव्हती. बायपासमध्ये जठराचा वरचा भाग वेगळा करून त्याची लहानशी पिशवी करतात. सुरुवातीला तिच्यात दोन मोठे चमचे मावतील एवढीच जागा असते. अन्न पुढच्या आतड्यात लवकर पोहोचते, आणि भूक चाळवणारी व पोट भरल्याचे सांगणारी जी द्रव्ये शरीरात तयार होतात, त्यांचा हिशेबच बदलतो. म्हणून पहिले वर्ष-दीड वर्ष भूक जवळजवळ नसते. न खाणे तेव्हा सोपे असते. पुढे शरीर सावरते आणि भूक परत येते. कमी झालेले वजन शरीराला दुष्काळासारखे वाटते, ते भरून काढायला बघते. त्यात ताट लहान राहिले तरी येता-जाता तोंडात टाकणे वाढते: चहाबरोबर दोन बिस्किटे, मूठभर फरसाण, मुलाच्या पानातले उरलेले. मऊ नि गोड पदार्थ त्या लहान पिशवीतून सरळ उतरतात, अडतच नाहीत. भाकरी अडते, आइस्क्रीम अडत नाही.

आता आकडे बघा. स्वीडन देशात शस्त्रक्रिया झालेल्या हजारो माणसांवर १९८७ सालापासून वर्षानुवर्षे नजर ठेवण्यात आली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की, बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले होते आणि दहा वर्षांनी हा उतार २५ टक्के राहिला होता. म्हणजे थोडे वजन परत येणे ही बहुतेकांची गोष्ट आहे. आमच्या या भगिनीचा हिशेब आम्ही तिथेच, विहाराच्या पायरीवर बसून केला. ११८ मधून ८९ गेले, उरले २९. म्हणजे जवळजवळ २५ टक्के. ज्या परदेशी लोकांना डॉक्टर यशस्वी म्हणतात, त्यांच्याच रांगेत ती उभी आहे! तिला ते खरे वाटेना. तिने बेरीज-वजाबाकी पुन्हा करायला लावली. त्याच अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाणही शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा कमी आढळले होते.

पण म्हणून सगळे ठीक आहे असे मी म्हणत नाही. बोलता बोलता ती तळपाय चोळत होती. विचारले, तर म्हणाली, मुंग्या येतात, सहा महिने झाले. गोळ्या? त्या तीन वर्षांपूर्वीच बंद केल्या, खर्च नको म्हणून. मला वजनापेक्षा याचीच धास्ती वाटली. बायपासनंतर अन्नातले ब-१२ जीवनसत्त्व, लोह आणि कॅल्शियम शरीर पुरेसे घेऊ शकत नाही. त्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शने जन्मभर घ्यावी लागतात, वजन कितीही असो. ब-१२ फार दिवस कमी राहिले तर नसांना कायमची इजा होऊ शकते. लाजेपायी दवाखाना टाळण्याची किंमत अशी मोजावी लागते. जनऔषधी केंद्रात यातली बरीच औषधे स्वस्तात मिळतात. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. आणि लोहाच्या गोळीवर चहा नको.

आता तिचा खरा प्रश्न. जिद्द कशी टिकवायची?

याचे उत्तर मला संयुत्त निकायात सापडते. कोसल देशाचा राजा प्रसेनजित खाण्याचा मोठा शौकीन होता. एका वेळेला द्रोणभर तांदळाचा भात खाई. द्रोण म्हणजे आपला पानाचा द्रोण नव्हे, धान्य मोजण्याचे ते मोठे माप होते. असा जेवून, धापा टाकत तो श्रावस्तीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला रागावले नाही. राजाला शोभत नाही, असेही म्हटले नाही. जो सावध राहून जेवणाचे प्रमाण जाणतो त्याचा त्रास कमी होतो, तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक लहान गाथा तेवढी सांगितली. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला सांगितली आणि म्हटले, माझ्या प्रत्येक जेवणाच्या वेळी ही म्हणत जा, तुला रोजचे शंभर कार्षापण देईन. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला. नाळी हे त्याहून पुष्कळ लहान माप.

मला यात मोठी गोष्ट वाटते ती अशी. राजाने स्वतःच्या जिद्दीवर भरवसा ठेवला नाही. खुद्द बुद्धाच्या तोंडून उपदेश ऐकला होता, तरी उद्या ताटासमोर बसल्यावर आपण तो विसरू, हे तो जाणून होता. म्हणून त्याने माणूस ठेवला, आणि पगार देऊन ठेवला. एका दिवसासाठी नव्हे, रोजच्यासाठी.

अट्ठकथेत याचा आणखी तपशील आहे. सुदर्शनाने गाथा जेवणाच्या सुरुवातीला म्हणायची नाही; राजा जेवत आला की शेवटी म्हणायची. ती ऐकून राजा उरलेला घास सोडी. त्या घासातली शिते मोजायची आणि दुसऱ्या दिवशी तेवढा तांदूळ कमी शिजवायचा.

ही युक्ती आपल्या घरांसाठी फार मोलाची आहे. आपल्याकडे ताटात अन्न टाकणे हा गुन्हा समजतात, आणि ते उगीच नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडून सुकडी आणि मिलोच्या भाकरी खाल्ल्या, त्या आजीला तुम्ही घास सोडायला कसे सांगणार? त्याच्याही आधीच्या पिढ्या उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवर जगल्या. ते तुकडे सोडा, असे बाबासाहेबांना १९२७ साली महाडला सांगावे लागले. असा इतिहास पोटात असताना ताट चाटूनपुसून स्वच्छ करणे आपल्या हाडात भिनलेले असते. पण प्रसेनजिताच्या मुदपाकखान्यात अन्न वाया जात नव्हते, ते दुसऱ्या दिवशी कमीच शिजत होते. आमच्या भगिनीनेही हेच करायचे आहे. आज दोन घास जड झाले तर उद्या दोन घास कमी वाढून घ्यायचे. मोठे ताट फडताळात ठेवून लहान ताटली काढायची. मुलांच्या पानातले उरले तर ते फ्रिजमध्ये ठेवायचे. आई म्हणजे उरलेले टाकायचा डबा नव्हे.

आणि सुदर्शन कोण? हा प्रश्न घरातल्या सर्वांसाठी आहे. टोमणे मारणारा सुदर्शन कामाचा नाही. "पुन्हा खातेस?" हे वाक्य चार वर्षे डॉक्टरांपासून दूर ठेवते, हे आपण पाहिलेच. सुदर्शन तिने स्वतः निवडावा, काय म्हणायचे तेही तिनेच ठरवावे. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि त्यांचे पथ्य-औषध डॉ. सविता आंबेडकर, आपल्या माईसाहेब, सांभाळत. एवढ्या मनोनिग्रहाच्या माणसाच्या पथ्यालाही दुसऱ्याचा हात लागला. मग कॅन्टीनमध्ये दिवसभर गरम पोळ्यांच्या वासात उभ्या राहणाऱ्या बाईने एकटीने लढावे, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

ताटात काय असावे तेही थोडक्यात सांगते. आधी प्रथिने, मग भाजी, मग जागा उरली तर भाकरी-भात. प्रथिने म्हणजे महागडे डबेच हवेत असे नाही. अंड्यात साधारण ६ ग्रॅम मिळतात. सुकट, बोंबील, मासळी, चिकन, मटकी, डाळ, दही आहेच. घास बारीक चावावा आणि जेवताना पाणी पिऊ नये, अर्ध्या तासाने प्यावे. चालणे रोज हवे. "घरकाम होतेच की" ही सबब मी तीस वर्षे परिचारिका म्हणून ऐकली आहे, ती चालणार नाही.

समारंभांचे काय? वैशाख पौर्णिमेला खीरदान असते, लग्नसराईत जिलेबी असते. बायपास झालेल्यांनी एकदम गोड खाल्ले तर घाम फुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात. दोन चमचे खीर सावकाश घ्यावी आणि वाटी पुढे द्यावी. नाही म्हटले तर धम्माचा अपमान होत नाही. उपोसथाला अष्टशील पाळणाऱ्यांनी दुपारनंतरच्या जेवणाविषयी आधी डॉक्टरांना विचारावे. लहान पिशवीला दिवसाचे पोषण दोन जेवणांत भरून काढता येत नाही.

पुरुष वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. बायपासनंतर दारू फार लवकर आणि फार जोरात चढते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या समस्येचे प्रमाण वाढलेले आढळले. खाण्यातला आनंद गेला की माणूस दुसरीकडे वळतो. पाचवे शील तोंडाने म्हणतो, ते येथे अक्षरशः जीव वाचवणारे आहे. भगिनींनी मिशरी सोडावी. तंबाखूने त्या जोडलेल्या जागी जखमा होण्याचा धोका वाढतो. गुडघा दुखला म्हणून औषधांच्या दुकानातून मनाने वेदनाशामक गोळ्या आणू नयेत, त्यांनीही तसेच होते. सतत उलट्या, पोटात असह्य कळ किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पुढच्या सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. डॉक्टर रागावतील म्हणून ती दारात घुटमळली. ते रागावले नाहीत. रक्त तपासले, ब-१२ फारच कमी निघाले, साखर काठावर होती. इंजेक्शने सुरू झाली. २०२५ पासून वजनासाठीची नवी इंजेक्शने आपल्याकडे मिळतात, त्यांचाही विषय निघाला. पण आधी तीन महिने खाणे, गोळ्या आणि चालणे बघू, असे ठरले. यापुढे वार्षिक रक्ततपासणी चुकू नये म्हणून तिने तारीख पक्की केली आहे, १४ ऑक्टोबरच्या आठवड्यातली. ती तारीख आपल्या घरात कोणी विसरत नाही.

सुदर्शन म्हणून तिने धाकट्या मुलाला निवडले. तो सातवीत आहे. जेवण संपत आले की त्याने फक्त एवढेच म्हणायचे, "आई, सावकाश." पगार आठवड्याला वीस रुपये ठरला. परवा विहारात भेटला तेव्हा पोरगा म्हणाला, आईचे वजन ८७ झाले, पण माझे दोन आठवड्यांचे पैसे अजून आले नाहीत.