आधी माणसे मोजा, मग संगीत सुरू करा

मंडळाचे यंदाचे वार्षिक स्नेहसंमेलन सभागृहात न घेता मांडवी नदीवर, सायंकाळच्या बोटीवर घ्यावे, अशी सूचना युवा विभागाने कार्यकारिणीपुढे ठेवली आहे. पूर्ण बोट भाड्याने घ्यायची, सूर्यास्ताच्या सुमारास पणजीच्या सांता मोनिका धक्क्यावरून निघायचे आणि गाणी, नाच, रात्रीचे जेवण आटोपून परतायचे, असा बेत आहे. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथून येणाऱ्या पाहुण्यांना हा कार्यक्रम आवडेल, असेही त्यात म्हटले आहे. सूचना बाहेर पडताच काही ज्येष्ठ सभासदांची नाराजीची पत्रे आली. बोटीवरचे नाचगाणे आपल्या संस्थेला शोभेल काय, असा त्यांचा सवाल आहे.

आम्ही ज्येष्ठांचा आदर राखून सांगतो की, नाचाला आमचा विरोध नाही. शिगम्यात ढोल-ताशांच्या मागे तासन् तास रस्त्यावर नाचणारा, चवथीला घुमट वाजविणारा आणि फुगडीला फेर धरणारा हा समाज आहे. तो नदीवर जाऊन नाचला म्हणून बुडत नाही. समाज बुडत नसला तरी बोट मात्र बुडू शकते, आणि त्याविषयी एकाही पत्रात अक्षर नाही. बोटीवर माणसे किती चढणार आणि ती मोजणार कोण, हा आमचा प्रश्न आहे.

मांडवीवरची ही सफर बहुतेकांनी एकदा तरी केलेली असते. घरी पाहुणे आले की आपणच त्यांना घेऊन जातो. साधारण तासाभराची फेरी असते. वरच्या मजल्यावर मंच, त्यावर देखणी, फुगडी, कुरिदिन्हो असे नाच होतात. मध्येच निवेदक आधी लहान मुलांना, मग जोडप्यांना, मग महिलांना आणि पुरुषांना मंचाजवळ नाचायला बोलावतो. एका बाजूला पणजीचे दिवे, दुसऱ्या बाजूला रेईश मागूशचा किल्ला, डोक्यावर वारा. आनंदाची गोष्ट आहे, यात शंका नाही. पण याच आनंदात धोका कसा दडलेला असतो, ते समजून घेतले पाहिजे.

बोट नुसत्या वजनाने उलटत नाही. वजन कुठे आहे, यावर बरेच अवलंबून असते. तीच शंभर माणसे खालच्या मजल्यावर बसली तर बोट स्थिर राहते आणि वरच्या मजल्यावर उभी राहिली तर ती डुलू लागते. त्यात सगळी एकदम एका कठड्याकडे धावली तर बोट कलते. कललेल्या बोटीत उभी माणसे आणखी त्याच बाजूला घसरतात आणि पुढचा खेळ काही क्षणांत आटोपतो. नाचाच्या बोटीवर माणसे वरच असतात, उभीच असतात आणि निवेदकाच्या एका हाकेसरशी एका जागी गोळा होतात. संगीत इतके मोठे असते की खलाशाची सूचना ऐकू जात नाही. बाहेर काळोख असतो. म्हणूनच दिवसाच्या साध्या फेरीपेक्षा रात्रीच्या जेवण-नाचाच्या फेरीला नियम अधिक कडक हवेत.

हे भय काल्पनिक नाही. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडी येथे सरकारी पर्यटन महामंडळाची नवी दुमजली बोट उलटून ४५ पर्यटक मृत्युमुखी पडले. वन्य प्राणी दिसले म्हणून माणसे एका बाजूला सरकली, असे तेव्हा सांगण्यात आले. १५ सप्टेंबर २०१९ रोजी गोदावरीला पूर असताना पापीकोंडलूकडे निघालेली पर्यटकांची बोट आंध्रात बुडाली आणि पन्नासच्या आसपास जीव गेले. त्यात तेलंगणातील कुटुंबे होती. हैदराबादच्या आपल्या वाचकांना तो दिवस आठवत असेल. २४ मे २०२२ रोजी आपल्या शेजारी तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. ७ मे २०२३ च्या संध्याकाळी केरळात तानूरला मासेमारीच्या होडीवर मजला चढवून केलेली बोट उलटली. २२ जण बुडाले, त्यांत लहान मुले बरीच होती.

१८ जानेवारी २०२४ ची घटना तर आपल्या अगदी जवळची, बडोद्याच्या हरणी तलावातली. सहलीला आलेली शाळेतील १२ मुले आणि दोन शिक्षिका बुडून मरण पावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरली होती आणि लाइफ जॅकेट सर्वांच्या अंगात नव्हते. तलाव शहरातला, पाणी संथ, वेळ दुपारची. तरीही हे घडले. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जणांचा अंत झाला. गेटवेला लाइफ जॅकेटची सक्ती झाली ती त्यानंतर. वरातीमागून घोडे, दुसरे काय? पुढच्याच आठवड्यात, नाताळच्या दिवशी, आपल्या कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एकाचा बळी गेला.

विलायतेतही हे घडले आहे. २० ऑगस्ट १९८९ च्या मध्यरात्रीनंतर लंडनच्या थेम्स नदीत ‘मार्शनेस’ नावाच्या बोटीवर वाढदिवसाची मेजवानी आणि नाच चालू होता. वाळू उपसणारे ‘बोबेल’ हे मोठे जहाज तिच्यावर आदळले आणि ५१ जण, बहुतेक तरुण, बुडाले. चौकशीत आढळले की दोन्ही नौकांच्या सुकाणूवरून समोरचे नीट दिसत नव्हते आणि नजर ठेवण्याची व्यवस्था पुरेशी नव्हती. मृतांच्या नातेवाइकांनी अकरा वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २००० साली न्यायाधीशांसमोर पूर्ण चौकशी झाली आणि २००२ च्या जानेवारीत थेम्सवर चार ठिकाणी जीवरक्षक बोटींची ठाणी उभी राहिली. मागणी सोडली नाही म्हणून ठाणी आली, हे आपण लक्षात ठेवावे.

आता मांडवीकडे पाहा. संध्याकाळी पणजी-बेती फेरीबोट इकडून तिकडे जात असते. कॅसिनोची जहाजे नदीत नांगरून असतात आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना नेणाऱ्या छोट्या बोटी रात्रभर ये-जा करतात. खाणी चालू असल्या की खनिजाने भरलेले बार्ज मुरगावच्या दिशेने उतरतात. भरलेला बार्ज सहजी थांबत नाही. या सगळ्यांतून वाट काढत आपल्या नाचगाण्याच्या बोटी फिरतात. २०१७ च्या जुलैत कॅसिनोसाठी आणलेले एक जहाज पावसाळी समुद्रात मिरामारच्या किनाऱ्यावर येऊन रुतले होते, ते पणजीकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. नदी आपल्याला वाटते तेवढी मोकळी नाही.

असे असताना क्षमतेपेक्षा जास्त माणसे का भरतात? यात बोटवाला दुष्ट असावाच लागतो असे नाही. बँकेच्या काउंटरवर आयुष्य गेल्याने आम्ही हा प्रश्न जमाखर्चाच्या वहीतून पाहतो. डिझेल, तांडेल व खलाशांचा पगार, वाद्यवृंद, बोटीचे हप्ते हा खर्च ऐंशी माणसे असोत की शंभर, तेवढाच राहतो. म्हणजे ऐंशी जागा भरल्यावर चढणारा प्रत्येक माणूस जवळजवळ निव्वळ नफा असतो. समजा, तिकीट पाचशे रुपये आहे आणि वीस माणसे जास्त घेतली, तर एका फेरीला दहा हजार रुपये सुटतात. रात्रीत तीन फेऱ्या म्हणजे तीस हजार, महिन्याला नऊ लाख. समोर एवढा आकडा दिसत असताना ‘आज गर्दी आहे, घ्या अजून थोडे’ असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. त्या मोहापुढे माणसाच्या चांगुलपणावर विसंबून चालत नाही. कोणत्याही बँकेत रोखपाल प्रामाणिक आहे म्हणून रोकड मोजायची राहत नाही. दररोज संध्याकाळी ती मोजली जाते, दुसरा अधिकारी सही करतो आणि मगच तिजोरी बंद होते. नोटांसाठी एवढी काळजी, आणि माणसांसाठी धक्क्यावर साधी मोजणी नको?

कायदा नाही, असेही म्हणता येत नाही. ब्रिटिशांच्या काळचा १९१७ चा कायदा बाजूला सारून संसदेने २०२१ साली अंतर्देशीय जलयान कायदा केला. नोंदणी, तपासणीचा दाखला, चालकाचे प्रमाणपत्र, विमा, जीवरक्षक साधने यांची तरतूद त्यात आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्येच बोटींच्या सुरक्षिततेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. गोव्यात बोटींची नोंदणी आणि तपासणी पाहणारे कॅप्टन ऑफ पोर्ट्स खाते आहे. कागद आहे, खाते आहे. उणीव आहे ती प्रत्येक फेरीला, प्रत्येक संध्याकाळी, सर्वांना दिसेल अशा मोजणीची. आणि नदीवरचे पर्यटन ही सरकारच्या अभिमानाची बाब असेल, तर तिचा हिशेबही सरकारने द्यायला हवा.

म्हणून सरकारकडे आमच्या मागण्या अशा आहेत :

१. प्रत्येक बोटीच्या जिन्यापाशी मजलानिहाय किती माणसांना परवानगी आहे, शेवटची तपासणी कधी झाली आणि तिची मुदत कधी संपते, याचा ठळक फलक कोकणी, मराठी, हिंदी व इंग्रजीत लावावा.

२. चढताना माणसे मोजावीत. कडेवरचे मूलही एक माणूस धरावे. तो आकडा धक्क्यावरच्या नोंदवहीत लिहून, सही करूनच बोट सोडावी. वही किनाऱ्यावर राहावी. दुर्घटना घडली तर किती जणांना शोधायचे, हे त्यावरूनच कळते.

३. लाइफ जॅकेट सर्वांपुरते, मुलांच्या मापाचे वेगळे आणि हाताशी असावे. कडीकुलपात नको. ते कसे घालायचे हे आधी दाखवावे. तोवर संगीत सुरू करू नये.

४. नाच चालू असताना वरच्या मजल्यावर किती माणसे उभी राहतील याची वेगळी मर्यादा असावी आणि ती पाळण्याची जबाबदारी निवेदकावरही टाकावी.

५. पर्यटन हंगामात मांडवीच्या पात्रात रात्री एक जीवरक्षक बोट सज्ज ठेवावी.

६. वर्षभरात किती बोटी तपासल्या, किती जणांना दंड झाला, किती परवाने रोखले, याची माहिती दर अधिवेशनात विधानसभेपुढे ठेवावी. आपल्या भागातील आमदारांनी यावर तारांकित प्रश्न विचारावा. मंडळाच्या वतीने माहिती हक्क कायद्याखाली अर्ज करावा, अशी आमची कार्यकारिणीला सूचना आहे.

आता आपल्याविषयी थोडे स्पष्ट बोलू. सरकार आणि बोटवाले यांच्याकडे बोट दाखविणे सोपे आहे. पण जिन्यापाशी बोटवाल्याने हात आडवा केला की ‘अहो, आमचेच चार जण आहेत, एवढ्या लांबून आलेत, घ्या की’ असे म्हणणारे आपणच असतो. नाही म्हणणारा खलाशी आपल्याला उद्धट वाटतो आणि हो म्हणणारा भला वाटतो. खरा भला कोण, हे हरणीच्या पालकांना विचारावे लागू नये.

तेव्हा स्नेहसंमेलन बोटीवर घ्यायला आमची ना नाही. मात्र बोटीचा तपासणीचा दाखला कार्यकारिणीने स्वतः पाहावा. परवानगीपेक्षा दहा जागा कमीच नोंदवाव्यात. नावांची यादी आधी करून तिची एक प्रत धक्क्यावर थांबणाऱ्या सभासदाकडे द्यावी. ऐनवेळी आलेल्यांना, मग तो पदाधिकाऱ्यांचा मेहुणा का असेना, नम्रपणे परत पाठवावे. आणि यांतील एकही गोष्ट जमत नसेल तर सरळ सभागृह घ्यावे. तिथे फुगडी घालता येते, जेवणही गरम मिळते.

या अटी कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत ठराव म्हणून मांडल्या जातील. सभासदांनी उपस्थित राहून मत द्यावे. बोटीच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघांनीही यावे.