आधार मागायला कोणी येत नाही, तिकिटाचं विचारायला येतात



कॅन्सरवर पोस्ट आली की ती बहुतेक 'मावा सोडा, गुटखा सोडा' एवढीच असते. ते बरोबरच आहे. पण ज्याला आजार झालाय त्याच्यासाठी त्यात काही नसतं, उलट वाचून तो आणखी मान खाली घालतो. म्हणून आज त्याच्याबद्दल लिहितोय. हा माणूस बोलायला, मदत मागायला कधी पुढं येतो आणि कशामुळं येत नाही?

सुरतेत उपचार होतात. नव्या सिव्हिलच्या आवारात लायन्सचं कॅन्सर सेंटर आहे. तरी अजून आपली पुष्कळ माणसं परळच्या टाटाला जातात. पहाटेची फ्लाइंग राणी पकडायची, दादरला उतरायचं, संध्याकाळी परत. एवढं करून डॉक्टर भेटतात काही मिनिटं, आणि ती मिनिटं रिपोर्ट, गाठ नि पुढची तारीख यातच जातात. डॉक्टरांचा दोष नाही, बाहेर रांग लागलेली असते. पण रात्री झोप लागते का, घरात काय चाललंय, हे विचारायचं राहून जातं.

माझं स्पष्ट मत आहे की 'मला मानसिक आधार पाहिजे' असं म्हणत आपला माणूस कुठलंही दार वाजवणार नाही. मानसिक म्हटलं की वेडाचा डॉक्टर, एवढंच आपल्याला माहीत. तो येतो तिकिटाच्या सवलतीसाठी, मुंबईत राहायच्या सोयीसाठी, आयुष्मान कार्डासाठी. फॉर्म भरता भरता समोरच्यानं सहज विचारलं की 'घरी कोण कोण?', मग बांध फुटतो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. न्यूयॉर्कच्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात जिमी हॉलंड नावाच्या मानसोपचाराच्या डॉक्टर होत्या. या विषयाचा पाया त्यांनीच घातला. पेशंट 'मनोविकार' या शब्दाला बिचकतात हे ओळखून त्यांनी आणि सोबतच्या डॉक्टरांनी 'त्रास' असा साधा शब्द धरला. कागदावर थर्मामीटर काढायचं, शून्य ते 10, आणि विचारायचं की गेल्या आठवड्यात त्रास किती होता. 4 किंवा वर असेल तर पुढं चौकशी करायची. त्याच कागदावर खाली यादी असते, तिच्यात भीती-उदासी आहेच, पण घर, पैसा, प्रवास, मुलं कोण सांभाळणार हेही आहे. म्हणजे तिकडच्या शहाण्या माणसांनाही कळलं होतं की मनाचं दुखणं बऱ्याचदा खिशातून वर येतं.

आपल्या धंद्याकडं बघा. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला शेक, म्हणजे रेडिएशन, आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतो. हंगामात एवढे दिवस बोट बांधून ठेवायची म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्यात स्वरयंत्र काढावं लागलं तर तांडेलाचा आवाजच जातो. वाऱ्यात खलाशांना हाका मारणारा माणूस घरात खुणा करून पाणी मागतो. जबडा कापलेला माणूस चारचौघांत जेवायला बसत नाही, हळूहळू लग्नकार्याला जाणं बंद करतो. लोक म्हणतात, 'खचलाय.' अरे, खचलाय तर जवळ जाऊन बसा ना! त्याऐवजी काही घरांत ताट वेगळं काढतात. कॅन्सर उष्ट्यानं लागत नाही, शिवल्यानं लागत नाही.

बायांचं आणखी वेगळं. स्तनाच्या ऑपरेशनात काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूचा हात पुढं कधीही सुजू शकतो. त्या हाताला जखम होऊ द्यायची नाही, असं सांगून घरी पाठवतात. आता मासळी साफ करणाऱ्या बाईला काटा लागणार नाही असा एक दिवस तरी दाखवा. पाटी उचलायची का नाही, हातमोजे घालून कोळंबी सोलता येईल का, हे तिला विचारायचं असतं. नवऱ्यासमोर, पुरुष डॉक्टरसमोर ती विचारत नाही. नर्सबाई किंवा हॉस्पिटलच्या सोशल वर्कर ताई एकट्या भेटल्या तर आधी हाताचं विचारते, मग जे मनात आहे ते.

आणि एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. पेशंटला न सांगण्याची. 'साधी गाठ आहे' म्हणून घरचे लपवतात. प्रेमापोटीच करतात, मान्य. पण केस गळायला लागले की त्याला सगळं कळतं. त्याला कळलंय हे घरच्यांना कळत नाही, आणि दोन्हीकडून नाटक सुरू राहतं. अशा माणसानं आधार मागायचा तरी कुणाकडं?

माझ्या बघण्यात, माणूस उठतो तो दोन शब्दांवर. एक डॉक्टरांचा: 'त्या ताईंना भेटून या.' चिठ्ठी लिहून दिली तर औषध आणावं तसा जातो. दुसरा, ज्याला हा आजार होऊन गेलाय त्याचा. मुंबईत वंदना गुप्ता यांनी स्वतः कॅन्सरमधून उठल्यावर 1994 साली व्ही केअर ही संस्था काढली, ती याच समजुतीवर. बरा झालेला माणूस समोर बसला की अर्धं काम तिथंच होतं. आपल्यातही असे बरे झालेले आहेत, फक्त ते बोलत नाहीत.

म्हणून सोसायटीकडं माझी मागणी आहे. डिझेल-बर्फाच्या हिशेबाच्या टेबलाशेजारी एक खुर्ची ठेवा. महिन्यातून एक दिवस असा बरा झालेला एक भाऊ आणि एक ताई तिथं बसतील. फलक 'कॅन्सर समुपदेशन' असा लावू नका, कोणी फिरकणार नाही. 'रेल्वे सवलत व कार्डाची मदत' असं लिहा. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण भाडं माफ आहे, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के. फॉर्मवर हॉस्पिटलची सही-शिक्का लागतो. खाली टेलिमानसचा 14416 हा नंबर टाका, सरकारचा आहे, फुकट आहे, मराठीत आणि गुजरातीतही बोलता येतं. रात्री दोनलाही लागतो.

खुर्चीवर बसायला कोण तयार आहे, त्यांनी कॉमेंटमध्ये लिहू नका, ऑफिसात येऊन नाव सांगा.