पहिली रात्र लागोसलाच काढायची आहे

लागोसची नोकरी ठरताना घासाघीस कशावर होते, हे आपल्या इथल्या मराठी मंडळात कोणालाही विचारा. फ्लॅट इकोयीला की इलुपेजूला, जनरेटर चोवीस तास की रात्रीपुरता, गाडीबरोबर ड्रायव्हर मिळणार का, वर्षाला तिकिटं किती, पगारातला किती भाग डॉलरमध्ये आणि किती नायरात. एकेका मुद्द्यावर चार-चार ईमेल होतात. मग कराराच्या शेवटी एक ओळ येते : ‘मेडिकल – कंपनीच्या नियमानुसार’. तिथे कोणी अडत नाही. जो तो ‘कंपनी बघेल’ म्हणतो आणि सही करतो.

कंपनी काय बघते, ते एकदा नीट पाहायला हवं. या एका ओळीआड अगदी वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. सगळ्यात जास्त चालणारी म्हणजे रिटेनरशिप. कंपनी एखाद्या क्लिनिकशी बोलणी करते, आपली नावं तिथे नोंदवते आणि महिन्याचं बिल परस्पर भरते. हा विमा नव्हे. ही किराणा दुकानातली वही आहे; मालकाने मागची बाकी चुकती केली असेल तोवर माल मिळतो. अगबारा आणि ओटाच्या कारखान्यांकडे तर हे क्लिनिक बहुधा गेटापासून जवळ म्हणून निवडलेलं असतं. बोट कापलं, ताप आला, पोट बिघडलं, एवढ्याला ते पुरतं. आयसीयूचा प्रश्न आला की ते आपल्याला दुसरीकडे पाठवतं, आणि त्या दुसरीकडे आपली वही नसते. एका क्लिनिकच्या काउंटरवर, काचेला आतून चिकटवलेला कागद मी वाचला आहे : ‘खालील कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी पैसे रोख भरावेत.’ त्यातली बरीच नावं आपल्या ओळखीची होती. कंपनीची पत आपल्याला कळते ती अशी, तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन रांगेत उभं असताना.

एचएमओची, म्हणजे इथल्या आरोग्य विमा चालवणाऱ्या संस्थेची, योजना असेल तर परिस्थिती बरी. ठरलेल्या यादीतली हॉस्पिटलं, कार्ड, आणि प्रत्येक मोठ्या तपासणीआधी एचएमओकडून यायचा तो मंजुरीचा कोड. रिसेप्शनवरची मुलगी फोन लावते, पलीकडून कोणी उचलत नाही आणि आपण भिंतीवरचा टीव्ही पाहत बसतो. पण खरी गोम वार्षिक मर्यादेत आहे, कारण ती नायरात लिहिलेली असते. जून २०२३ मध्ये नायराचा दर बाजारावर सोडला गेला. तोवर डॉलरला साडेचारशेच्या आसपास असलेला नायरा पुढच्या वर्षात दीड हजारापलीकडे गेला. कार्डावरचा आकडा तोच राहिला, त्याच्या मागची ताकद एक तृतीयांश झाली. हॉस्पिटलचे कॅथेटर, स्टेंट, तपासणीची रसायनं मात्र बाहेरूनच येतात आणि डॉलरमध्येच येतात. २०२३ मध्येच ग्लॅक्सो या औषध कंपनीने नायजेरियातला कारभार आवरला आणि दम्याच्या इनहेलरपासून नेहमीच्या अँटिबायोटिकपर्यंत किती वस्तू महाग झाल्या, हे घरात दमेकरी असलेल्यांना सांगायला नको. ज्यांच्या कंपनीने त्यानंतर मर्यादा वाढवून घेतली, त्यांनी हात वर करावेत. फार हात दिसणार नाहीत.

डॉलरमधली आंतरराष्ट्रीय पॉलिसी आपल्यातल्या थोड्यांकडेच असते आणि ती असलेले निर्धास्त असतात. विमानाने उचलून नेण्याची सोय तिच्यात असते ना! मात्र न्यायचं की नाही हे ठरवतो विमा कंपनीचा डॉक्टर, दूर कुठेतरी फोनवर बसून. इथे योग्य उपचार होत नाहीत आणि रुग्ण उड्डाण सोसू शकेल, या दोन्ही गोष्टी त्याला पटाव्या लागतात. जे अतिशय अत्यवस्थ आहेत, त्यांच्या बाबतीत दुसरी गोष्टच पटत नाही.

माझं म्हणणं नेमकं इथे आहे. आपल्या आरोग्याचं सगळं नियोजन बाहेर पडण्याभोवती चालतं. ‘काही झालंच तर मुंबई गाठू.’ गुडघा बदलायचा असेल, मोतीबिंदू असेल, ठरवून करायची अँजिओग्राफी असेल, तर खुशाल गाठावी. पण ज्याने माणूस जातो ते असं ठरवून येत नाही. फॅल्सिपेरम मलेरिया साध्या तापावरून चोवीस तासांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात पहिले दोन-तीन तास मोलाचे, पक्षाघातातही तेच. लागोस–इबादान एक्स्प्रेसवेवरचा अपघात तर सांगायलाच नको. मुंबईला जायचं म्हणजे सहसा अदिस अबाबा, दोहा किंवा दुबईमार्गे, आणि सलाइन लावलेल्या माणसाला कोणतीही विमान कंपनी डॉक्टरचं पत्र असल्याशिवाय चढू देत नाही. खासगी एअर अ‍ॅम्ब्युलन्स मागवली तरी परवानगी, चमू, इंधन यांत दिवस जातो, आणि खर्च हजारो डॉलरमध्ये सुरू होऊन लाखापर्यंत चढतो. तोवरची रात्र इथेच काढायची आहे. म्हणून विम्यातला पहिला पैसा या पहिल्या रात्रीवर लागायला हवा : घरापासून, गो-स्लो म्हणजे वाहतूक कोंडी धरून, तासाभरात पोहोचता येईल असं आयसीयू असलेलं हॉस्पिटल, तिथे आपलं कार्ड चालतं याची खात्री, आणि रात्री दोन वाजता ते लोक अनामत मागतील तेव्हा ती भरण्याची सोय.

अनामतीबद्दल आपण फार तावातावाने बोलतो. पैसे आधी मागतात, माणुसकीच नाही, वगैरे. पुण्यातलं मोठं खासगी हॉस्पिटल काय करतं? प्रश्न एवढाच आहे की पुण्यात भाऊ, मेव्हणा, शेजारी धावून येतात. इथे बँकेच्या अ‍ॅपची दिवसाची मर्यादा आडवी येते.

‘इथल्या डॉक्टरांवर भरवसा कसा ठेवायचा’ हेही आपल्या जेवणावळींतलं ठरलेलं वाक्य. जुलै २०१४ मध्ये लायबेरियाहून आलेला एक प्रवासी लागोसच्या विमानतळावर कोसळला. ओबालेंडेच्या एका खासगी हॉस्पिटलात डॉ. अमेयो स्टेला आदादेवो यांना इबोलाची शंका आली आणि सोडून द्या असा दबाव असतानाही त्यांनी त्याला बाहेर जाऊ दिलं नाही. ऑगस्टमध्ये त्या स्वतः त्याच आजाराने गेल्या. एवढ्या अफाट शहरात हा उद्रेक पसरला असता तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. प्रत्यक्षात देशभरात वीस रुग्ण आणि आठ मृत्यू, आणि ऑक्टोबरमध्ये नायजेरिया इबोलामुक्त जाहीर झाला. आपण सगळे त्या शहरात राहत होतो किंवा आज राहतो आहोत. चांगले डॉक्टर देश सोडून चालले आहेत, हे खरं. ‘जापा’चा, म्हणजे देश सोडून जाण्याचा, नाद सगळ्यात जास्त त्यांच्याच पेशाला लागला आहे. पण मलेरियाच्या बाबतीत तरी इथल्या बऱ्या हॉस्पिटलातला तरुण डॉक्टर आपल्या गावच्या एमडीपेक्षा चलाख असतो, कारण तो रोज तेच बघतो. उलट सुट्टीवर घरी गेल्यावर ताप आला की तिकडे आधी डेंग्यू आणि विषमज्वराच्या तपासण्या होतात आणि मलेरियाची आठवण तिसऱ्या दिवशी येते. नाशिकला असा की नागपूरला, दारातच सांगा : मी पश्चिम आफ्रिकेतून आलो आहे, आधी मलेरिया पाहा.

इकडच्या छोट्या क्लिनिकांची तऱ्हा मात्र उलटी. तिथे प्रत्येक ताप म्हणजे ‘मलेरिया आणि टायफॉइड’, जोडीने. चिठ्ठीवर ‘एमपी प्लस’ (मलेरियाचे जंतू सापडले) आणि टायफॉइडच्या विडाल चाचणीचा एक आकडा, खाली अँटिबायोटिक. तेवढ्याने समाधान मानू नये.

भारतातल्या मेडिक्लेमबद्दलही थोडा घोळ आहे. ती सहसा इथे चालत नाही. तिच्यातला उपचार बहुधा भारतात झालेला असावा लागतो, आणि सहा महिन्यांची प्रवासी पॉलिसी ही प्रवाशासाठी असते, रहिवाशासाठी नव्हे. म्हणून काहीजण ‘इथे उपयोग काय’ म्हणून जुनी मेडिक्लेम बंद करतात. पन्नाशीनंतर रक्तदाब आणि साखर घेऊन परतणाऱ्याला मग नव्याने रांगेत उभं राहावं लागतं. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आहे, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. म्हणून जुनी मेडिक्लेम चालू ठेवावी, आणि आपण परदेशात राहतो हे कंपनीला लेखी कळवावं. तीन महिने राहायला येणाऱ्या आईवडिलांचं कोडं यानेही सुटत नाही. आपल्या कंपनीच्या योजनेत ते नसतात, आणि त्यांच्या प्रवासी पॉलिसीत जुना मधुमेह बहुतेक वेळा वगळलेला असतो.

सरकारकडे पाहावं, तर आखातात जाणाऱ्या कामगारांना लागू असलेली प्रवासी भारतीय विमा योजना ईसीआर (जाण्याआधी सरकारी तपासणी लागणाऱ्या) यादीतल्या अठरा देशांसाठी आहे. त्यात नायजेरिया नाही. घानाही नाही. उच्चायुक्तालयाकडे कल्याण निधी असतो, पण तो अगदीच हात टेकलेल्यांसाठी.

आता एक कडू गोष्ट. मे २०२२ च्या राष्ट्रीय आरोग्य विमा प्राधिकरण कायद्याने नायजेरियातल्या प्रत्येक रहिवाशाला आरोग्य विमा बंधनकारक केला. पाच किंवा अधिक माणसं कामाला ठेवणारा खासगी मालक त्यात स्पष्टपणे येतो. अंमलबजावणी ढिली आहे, म्हणून आपल्या कंपन्या परदेशी अधिकाऱ्यांची योजना घेतात आणि स्थानिक कामगारांना क्लिनिकची चिठ्ठी देतात. आपल्या घरातला ड्रायव्हर आणि स्वयंपाकी कोणत्याच यादीत नसतात. त्यांचा ताप निघतो कोपऱ्यावरच्या केमिस्टकडच्या सुट्या गोळ्यांवर. औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या नाफ्डाकचा, खरं-खोटं ओळखण्यासाठी खरवडायचा क्रमांक पाकिटावर असतो. सुट्या गोळीवर कुठून असणार? २००९ मध्ये चीनमध्ये बनलेली, ‘मेड इन इंडिया’ छापलेली बनावट मलेरियाची औषधं इथे पकडली गेली होती, तेव्हा आपल्याला देशाच्या नावाची फार काळजी वाटली. रात्री दोन वाजता आपल्याला हॉस्पिटलात नेणारा माणूस तोच ड्रायव्हर आहे. त्याचं एचएमओचं साधं कार्ड वर्षाला आपल्या एका रविवारच्या जेवणाच्या बिलाहून फार जास्त नसतं.

मंडळाचं काम सांस्कृतिक, विमा हा ज्याचा त्याचा प्रश्न, असं काही ज्येष्ठ म्हणतील. विमा मंडळाने विकूही नये. पण मंडळाने तीन गोष्टी कराव्यात. पहिलं, पन्नास-साठ कुटुंबं एकत्र गेली तर एचएमओ दरावर आणि यादीतल्या हॉस्पिटलांवर बोलायला बसतो. एकट्या माणसाला तो छापील पत्रक देतो. दुसरं, सभासदांची रक्तगटांची यादी. आपल्याकडे तीनातल्या सुमारे एकाचा गट बी असतो, इथे निम्म्याहून अधिक लोकांचा ओ. हॉस्पिटलं बदली रक्तदाता मागतात, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर हाका मारण्यापेक्षा यादी बरी. आणि तिसरं, अनामतीसाठी नायरातला एक छोटा निधी, ज्याच्या खात्यावर रात्री सही करू शकतील असे दोन पदाधिकारी असतील, एक मेनलँडवर आणि एक आयलंडवर. गणपतीच्या वर्गणीत थोडी भर घातली तर तो उभा राहतो.

पैसे परत न करणाऱ्याचं काय, हा प्रश्न येणारच. सभासद होतानाच त्याच्या कंपनीच्या एचआरचं हमीपत्र घेऊन ठेवावं. जी कंपनी तेवढंही द्यायला तयार नाही, तिचं नाव मुंबई-पुण्याहून नव्याने येणाऱ्यांना आधी कळलेलं बरं.