टाइल ओली करून निवडावी

बाथरूमची टाइल विकत घेतली जाते कोरडी आणि वापरली जाते ओली. शोरूममध्ये ती तिरप्या फळीवर, झगझगीत दिव्यांखाली पुसून मांडलेली असते. घरी तिच्यावर रोज साबण, खोबरेल तेल, गिझरचे गरम पाणी आणि बोअरचे क्षार पडतात. नूतनीकरणात होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या फरकात असते. म्हणून प्रकार, पृष्ठभाग, आकार, रंग आणि बसवणी या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारावा: पाणी पडल्यावर काय होईल?

भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादेत या प्रश्नाची जवळजवळ सगळी रूपे भेटतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, नागपूरच्या सचिवालयातली अनेक मराठी कुटुंबे इकडे आली आणि शहर जुन्या तटाबाहेर पसरत गेले. नेहरूनगर आणि भदभदा रस्त्याच्या अंगाला असलेली कोटऱ्याची वस्ती या विस्तारातली. अशा वसाहतींतल्या जुन्या घरांचे बाथरूम बहुधा ५ बाय ७ किंवा ५ बाय ८ फुटांचे असते. खाली कोटा किंवा मोझॅक, भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या चौकोनी टाइल्स आणि त्यावर ऑइल पेंट. नळाला पाणी येते ते कोलार, नर्मदा किंवा बड्या तलावाचे. ते कमी पडले की बोअर सुरू होतो आणि त्याचे जड पाणी वाळल्यावर पांढरे ठिपके सोडते. शिवाय ज्यांच्यासाठी घर नवे करायचे, ते आईवडील बऱ्याचदा सत्तरी ओलांडलेले असतात. पाणी जड, जागा लहान आणि पावले सावध असतील, तर टाइल निवडण्याची रीतही त्याप्रमाणे ठरते.

पहिला निकष टाइल किती पाणी शोषते हा. भारतीय मानक आयएस १५६२२ टाइल्सची प्रतवारी याच गुणावर करते. वजनाच्या मानाने ०.५ टक्क्यापर्यंत पाणी शोषणारी टाइल व्हिट्रिफाइड किंवा पोर्सेलिन. माती अतिशय उच्च तापमानाला भाजल्यामुळे तिच्यात काचेसारखा घट्टपणा येतो. भिंतीसाठी विकली जाणारी साधी सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषते. ती हलकी असते, सहज कापली जाते, आरसा किंवा टॉवेल रॉड लावायला तिला भोकही पटकन पडते. भिंतीवर ती वर्षानुवर्षे टिकते. जमिनीवर मात्र बादलीच्या एका आघाताने तिचा टवका उडू शकतो. जमिनीची टाइल भिंतीला चालते, भिंतीची जमिनीला चालत नाही, एवढा नियम पुरतो.

दुकानदाराने सांगितलेला प्रकार पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही. टाइल उलटी करावी आणि पाठीवर पाण्याचे चार थेंब टाकावेत. सिरॅमिकची पाठ ते थेंब डोळ्यांदेखत पिऊन टाकते आणि तिथे गडद डाग उरतो. पोर्सेलिनच्या पाठीवर थेंब तसेच बसून राहतात आणि बोटाने पुसता येतात.

दुसरा निकष पाय घसरण्याचा. त्यासाठी जर्मन चाचण्यांच्या खुणा वापरल्या जातात. उतरत्या फळीवर तेल टाकून, बूट घातलेला माणूस कोणत्या कोनापर्यंत तोल सावरतो यावरून आर ९ ते आर १३ अशी श्रेणी ठरते. बाथरूमला याहून जवळची चाचणी अनवाणी पायांची. तिच्यात फळीवर साबणाचे पाणी असते आणि १२, १८ व २४ अंशांच्या कोनांनुसार ए, बी, सी असे वर्ग पडतात. घरच्या बाथरूमला आर १० किंवा आर ११, आणि शॉवरखाली बी वर्ग योग्य. आर ९ जवळजवळ गुळगुळीतच समजावी. पेटीवर किंवा कॅटलॉगमध्ये खूण नसेल, तर नमुन्यावर शाम्पूचे पाणी ओतून ओला अंगठा दाबून सरकवावा. जिथे अंगठा सहज घसरतो, तिथे टाचही घसरणार. उलट टोकही टाळावे. फार खडबडीत टाइलच्या खळग्यांत साबण आणि मळ साचतो, तो दर आठवड्याला ब्रशने घासावा लागतो आणि कंटाळा आला की तिथेच निसरडा थर तयार होतो. हाताला बारीक साखरेसारखी लागणारी मॅट टाइल हा मधला मार्ग.

तिसरा निकष आकार. सध्या ६०० बाय १२०० मिलिमीटरच्या, म्हणजे बाजारभाषेत २ बाय ४ च्या टाइल्सची चलती आहे. भिंतीवर त्या शोभतात. सांधे कमी होतात आणि लहान खोली मोठी वाटते. जमिनीवर हिशेब वेगळा. तिथे पाण्याला ट्रॅपकडे नेणारा उतार लागतो, साधारण ८० किंवा १०० फुटांना १ फूट. ८ फूट लांबीच्या बाथरूममध्ये ८० ला १ या प्रमाणात उतार सव्वा इंचाच्या आसपास होतो. ट्रॅप कोपऱ्यात असेल तर जमीन दोन दिशांनी उतरवावी लागते. ३०० मिलिमीटरची टाइल हा दुहेरी उतार निमूट घेते. मोठी टाइल वाकत नाही, म्हणून ती तिरपी कापावी लागते आणि कापांच्या रेषा डोळ्यांना खटकतात. मोठीच टाइल हवी असेल, तर एका भिंतीलगत लांब जाळीची गटार घ्यावी. मग उतार एकाच दिशेने देता येतो. लहान टाइलचा आणखी एक फायदा म्हणजे तिचे सांधे. ओल्या पायाला तेही धरून ठेवतात.

रंगरूपाचा विचार या तीन निकषांनंतर केला तर निम्मा गोंधळ आपोआप मिटतो. भारतीय बाथरूमवर वर्षानुवर्षे एका सूत्राचे राज्य होते: खाली गडद, वर फिकट आणि मध्ये फुलांची किंवा गारगोट्यांची हायलायटर पट्टी. हे सूत्र कंपन्यांनीच संच करून विकले आणि त्यामुळेच ते लवकर जुने झाले. पट्टीवरच्या चित्रावरून घर कोणत्या वर्षी रंगले हे पाहुणाही सांगू शकतो. याउलट न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १९०४ साली लावलेली ३ बाय ६ इंचांची साधी पांढरी टाइल अजून जगभर विकली जाते. आपल्याकडची मोझॅक फरशीही लोकांनी एकेकाळी उखडून फेकली आणि आता तीच टेराझो या नावाने पोर्सेलिनवर छापून परत आली आहे. त्या दोन्हींत चित्र नाही, रंग मोजके आणि पोत शांत. टिकाऊ शैलीचे गणित यात सापडते. उखडायला अवघड अशा मोठ्या पृष्ठभागावर शांत रंग ठेवावा. हौस आरसा, नळ, दिवा किंवा फार तर बेसिनमागच्या एका भिंतीवर भागवावी.

कोणता शांत रंग, हे पुन्हा पाणी ठरवते. काळी किंवा गर्द निळी चकचकीत टाइल बोअरच्या पाण्यात सर्वांत आधी हरते, कारण वाळलेला प्रत्येक थेंब तिच्यावर पांढरा दिसतो. अगदी शुभ्र टाइलवर केस आणि सांध्यांतला मळ उठून दिसतो. वाळूचा रंग, उबदार राखाडी, किंचित ढगाळ पोत हे ठिपके आणि मळ दोन्ही पोटात घेतात. संगमरवराची छपाई असलेली टाइल घेताना एकाच पेटीतल्या चार-पाच टाइल्स जमिनीवर शेजारी मांडाव्यात. छपाईचे वेगवेगळे नमुने, म्हणजे फेस, कमी असतील तर तीच शीर तीन ठिकाणी उगवते आणि संगमरवराचा आव लगेच उघडा पडतो. नमुन्याची एक टाइल घरी आणून सकाळी झरोक्याच्या उजेडात आणि रात्री घरच्या दिव्याखाली पाहावी, दोन्ही वेळा ओली करून.

निवड झाली की मोजणी. समजा बाथरूम ५ बाय ८ फुटांचे आहे आणि टाइल ७ फुटांपर्यंत लावायची आहे. भिंतींचा घेर २६ फूट, म्हणून क्षेत्र १८२ चौरस फूट. त्यातून अडीच बाय सातचे दार आणि ३ चौरस फुटांचा झरोका वजा केला की साधारण १६१ चौरस फूट उरतात. १ बाय २ ची टाइल २ चौरस फुटांची धरून ८१ टाइल्स सांगितल्या जातात आणि घोळ तिथेच होतो. बाजारातला फूट ३०० मिलिमीटरचा असतो, खरा फूट ३०४.८ चा. त्यामुळे ही टाइल प्रत्यक्षात १.९४ चौरस फूट भरते आणि ८३ लागतात. कापाकापी आणि मोडतोडीचे १० टक्के धरले की ९२. पेटीत ५ टाइल्स असतील तर १९ पेट्या. सगळ्या पेट्यांवर बॅच आणि शेडचा क्रमांक एकच आहे ना, हे टेम्पोतून उतरवतानाच पाहावे. भारतातला सिरॅमिक टाइल्सचा सर्वांत मोठा कारखानदारी पट्टा गुजरातेतल्या मोरबीचा. तिथल्या भट्टीतून त्याच नंबरचा माल पुन्हा निघाला, तरी शेड किंचित बदलू शकते. दोन पेट्या कमी पडल्या तर तो फरक भिंतीवर कायम दिसत राहतो.

आता टाइलखालची बाजू. जुन्यावरच नवी टाइल बसवली तर तोडफोड वाचते, पण उंची वाढते. ९ मिलिमीटरची टाइल आणि ५ मिलिमीटरचा चिकट थर मिळून अर्ध्या इंचाहून जास्त होतात. बाथरूमची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा तेवढीच खाली असेल, तर पाणी उंबरठा ओलांडते. शिवाय जुनी टाइल पोकळ वाजत असेल किंवा पलीकडच्या भिंतीला ओल असेल, तर वरून झाकल्याने रोग आतच राहतो. अशा वेळी सगळे उखडणेच शहाणपणाचे. त्याच वेळी जुन्या लोखंडी पाइपांचाही निकाल लावावा.

उखडल्यावर प्लास्टर, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, जमिनीवर आणि भिंतीवर किमान फूटभर, शॉवरच्या बाजूला माणसाच्या उंचीइतके. ट्रॅपभोवतीची कड आणि भिंतीतून निघणारे पाइप या ठिकाणी विशेष काळजी, कारण गळती बहुधा तिथूनच सुरू होते. मग ट्रॅपला बोळा मारून जमिनीवर दोन इंच पाणी ४८ तास साठवावे आणि खालच्या छतावर व शेजारच्या भिंतीवर ओल उमटते का ते पाहावे. ही चाचणी फुकट असते. घाईच्या कामात नेमकी तीच गाळली जाते.

बसवणीच्या वेळी भाषा थोडी सांभाळावी लागते. कोटऱ्यातला मिस्त्री बहुधा हिंदी बोलतो. त्याची ‘ढाल’ म्हणजे आपला ढाळ किंवा उतार, ‘साहुल’ म्हणजे ओळंबा, ‘गुनिया’ म्हणजे गुण्या आणि ‘मसाला’ म्हणजे माल. या मसाल्याचा प्रश्न महत्त्वाचा. पोर्सेलिन पाणी शोषत नाही, त्यामुळे सिमेंटच्या साध्या घोळाला तिच्या पाठीवर पकड मिळत नाही. तिला आयएस १५४७७ या मानकाचे टाइल ॲडहेसिव्ह हवे, तेही टाइलच्या प्रकाराला साजेशा वर्गाचे. ते दातेरी थापीने सलग ओढावे. पाठीवर पाच गोळे थापून टाइल चिकटवली की मधे पोकळी राहते, तिच्यात पाणी साचते आणि एक दिवस तिथेच तडा जातो. भोपाळच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो आणि पसरलेल्या ॲडहेसिव्हवर लवकर साय धरते. म्हणून एका वेळी थोडाच पट्टा ओढावा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टाइलवर नाण्याने टकटक करावी. पोकळ आवाजाची टाइल सांधे भरण्याआधी काढणे सोपे.

सांधा ठेवूच नका, असा आग्रह अनेक घरमालक धरतात. तो चुकीचा. उन्हाळ्यात भिंत तापते, हिवाळ्यात गार भिंतीवर गिझरचे पाणी पडते. या हालचालीला जागा लागते. २ ते ३ मिलिमीटरचा स्पेसर लावून सांधा राखावा. पांढऱ्या सिमेंटने भरलेला सांधा पाणी पितो, पिवळा पडतो आणि पुढे काळा होतो. इपॉक्सीचा सांधा महाग असतो आणि भरल्यावर लगेच नीट पुसावा लागतो, पण तो पाणी शोषत नाही. सगळीकडे परवडत नसेल तर निदान जमिनीला आणि शॉवरच्या कोपऱ्याला इपॉक्सी घ्यावे. रंग टाइलपेक्षा एक छटा गडद असावा. दोन भिंती जिथे मिळतात तिथे सिलिकॉन भरावे.

शेवटी निगा. जड पाण्याचे पांढरे डाग मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि आम्लात विरघळतात, म्हणून दुकानातून ॲसिडची बाटली आणली जाते. ते ॲसिड डागाबरोबर सिमेंटचे सांधेही खाते, आणि कोटा किंवा संगमरवर असेल तर दगडही, कारण तो स्वतः त्याच कुळातला. टाइलवरच्या डागांना व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडचे पातळ पाणी पुरते. दहा मिनिटे ठेवून धुऊन टाकावे. आंघोळीनंतर वायपर फिरवला तर त्याचीही गरज क्वचितच पडते. उरलेल्या चार-सहा टाइल्स पेटीवरच्या लेबलासकट माळ्यावर ठेवाव्यात. काही वर्षांनी पाइप दुरुस्तीसाठी एखादी टाइल फोडावी लागली, तर तोवर त्या नंबरचा माल बाजारातून गेलेला असतो.