तारण सोन्याचं, गणित मतांचं

सोनेतारण कर्जाचे नियम म्हणजे बँकवाल्यांचा रुक्ष विषय. पण २०२५ मध्ये त्यावरून दिल्ली हलली, आणि हलवली तमिळनाडूनं.

९ एप्रिल २०२५ ला रिझर्व्ह बँकेनं मसुदा काढला. दागिन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज द्यायचं आणि सोनं कर्जदाराच्याच मालकीचं आहे, याची खातरजमा करायची. आजेसासूनं घातलेल्या पाटल्यांची पावती कुणाकडे असते? मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं. ३० मे रोजी अर्थखात्यानं जाहीरपणे सुचवलं, दोन लाखांपर्यंतच्या कर्जदारांना यातून वगळा. ६ जूनला अंतिम नियम आले: अडीच लाखांपर्यंत ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८०. नियामक एवढा चपळ एरवी दिसत नाही.

आपल्याकडे सातबारा कोरा करण्याची भाषा चालते, तशी तिथं गहाण दागिने सोडवून देण्याची. २०२१ च्या निवडणुकीत द्रमुकनं सहकारी संस्थांतलं पाच सवरन, म्हणजे ४० ग्रॅमपर्यंतचं दागिनेकर्ज माफ करण्याचं आश्वासन दिलं होतं. त्यात २०२६ ची विधानसभा निवडणूक तोंडावर होती आणि भाजपची अण्णाद्रमुकशी युती नुकतीच जुळली होती. अशा वेळी बायकांच्या गळ्यातल्या सोन्यावरून वाद कोण ओढवून घेईल?

आता ही ८५ टक्क्यांची मेहेरबानी जरा कागदावर मांडू. दोन तोळ्यांच्या पाटल्या, भाव तोळ्याला एक लाख धरू. ७५ टक्क्यांनी दीड लाख मिळायचे, ८५ नी एक लाख सत्तर हजार. पण मुदतीअखेर एकरकमी फेडायचं कर्ज असेल, तर नव्या नियमात वर्षाचं व्याजही या मर्यादेतच बसवायचं आहे. व्याज १२ टक्के धरलं, तर हातात येतात जेमतेम १ लाख ५२ हजार. जी कंपनी पूर्वी फक्त मुद्दल मोजायची, तिच्या ग्राहकाला दोन हजारांचा फायदा. मथळे मात्र ८५ चे झाले.

यात रिझर्व्ह बँकेची हुशारी आहे, असं मला वाटतं. राजकारण्यांना आकडा दिला, धोका आपल्या मुठीत ठेवला. सरकारलाही हे सोयीचं, कारण कर्ज सैल करायला अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही, संसदेत उत्तर द्यावं लागत नाही. पैसे फेडायचे असतात पाटलीवालीनं.

मला मोलाची वाटतात ती कलमं वेगळीच. कर्ज फिटल्यावर दागिना सात कामकाजी दिवसांत परत करायचा. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या चुकीनं उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. अंमलबजावणीची शेवटची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. मसुद्यावर एवढा गदारोळ झाला, पण कर्ज थकल्यामुळे लिलावात किती दागिने गेले आणि कुणाचे, हे विचारणारं पत्र एकाही मुख्यमंत्र्यानं लिहिल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.